पोतंवाला आणि पाल : एका चित्रपुस्तक प्रकल्पाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर

पटावर ४६, आज हजर १९. दिवाळी सरली, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या आमच्या डोंगरपट्ट्यातून दरसाल हेच होतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, संसार ट्रॅक्टरवर चढतो आणि सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागतो. घरी आजी-आजोबा आहेत ती मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागं राहतात. बाकीची जातात.

याच आठवड्यात गावात उलट्या वाटेनं माणसं आली. बाजारतळाच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला घिसाड्यांची, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या लोहारांची, तीन कापडी पालं पडली आहेत. दरवर्षी पडतात. विळे, खुरपी, कुळवाच्या पासा, कोयते, सगळी धार त्यांच्या ऐरणीवरून येते. यंदा मी आणि सर जाऊन दोन मुलांना शाळेत घेऊन आलो. बहीण नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. कागदपत्र काहीच नाही. शिक्षण हक्क कायद्यानं कागदासाठी प्रवेश अडवता येत नाही आणि वर्षात कधीही द्यावा लागतो, म्हणून तिला तिसरीत आणि धाकट्याला पहिलीत बसवलं. (मुलांची नावं या वहीत लिहिणार नाही.)

खिचडीच्या सुट्टीत ओळ बसली. त्या दोघांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आपोआप सुटली होती.

रात्री ठरवलं, या वर्षीचा प्रकल्प हाच. शाळेच्या कपाटात शंभराच्या वर चित्रपुस्तकं आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची. बरीच अजून कोरी करकरीत. त्यांना हात लावायचा.

२८ नोव्हेंबर

पुस्तक उघडण्याआधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते बघायचं होतं. कोरे कागद वाटले आणि एवढंच म्हटलं, "बाहेरचा माणूस काढा." कसा, कुठला, काही सांगितलं नाही.

कागद गोळा करून रात्री चुलीपाशी बसून बघितले. बहुतेकांनी पाठीवर पोतं काढलंय. दाढी, मोठे डोळे. दोघांनी पोत्यातून बाहेर आलेला लहान हात काढलाय. चौथीतल्या एकीनं खाली लिहिलं, "हा मानूस पोरं नेतो." कुणीही एकमेकांचं बघून काढलं नव्हतं, मी फिरत होते वर्गात.

घिसाड्यांच्या मुलीचा कागद सगळ्यात खाली होता. तिनं माणूस काढलाच नाही. वर एक आडवी रेघ, तिच्याखाली चपलांचा एक जोड आणि त्याच्या बाजूला काठीचं टोक. मला कळेना. सकाळी तिला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "पालात झोपल्यावर एवढंच दिसतंय ना, मॅडम."

पालाची कनात जमिनीपासून वीतभर वर असते. कुणी येऊन उभं राहिलं, की आतल्या मुलाला आधी पाय दिसतात. तिच्या लेखी बाहेरचा माणूस म्हणजे आपण, गावातले.

तो कागद मी कपाटात वेगळा ठेवलाय.

३० नोव्हेंबर

पोतं आलं कुठून? विचारायला फार लांब जावं लागलं नाही. "झोप, न्हाई तर पोतंवाला येईल." प्रत्येक घरात. "घिसाड्याला देऊन टाकीन" हेही प्रत्येक घरात. पहिलीतल्या एकाची आजी शाळेत आली होती, तिला सहज विचारलं तर म्हणाली, "आमाला बी आसंच भ्येव घालायचे की. पोरगं गप बसतंय, झालं."

माझ्या लेकाला तो तीन वर्षांचा असताना मी स्वतः हेच म्हणून जेवू घातलंय. आज तो सातवीत आहे. घासाबरोबर काय भरवत होते ते आज कळतंय, आणि ते लिहून ठेवायलाच हवं.

४ डिसेंबर

पहिलं पुस्तक प्राण्यांचं घेतलं. एका थव्यात वेगळ्या रंगाचं पाखरू येतं, त्याला कुणी घेत नाही, मग घेतात. चित्रं फार सुंदर. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पाखराची नक्कल केली, दोनदा वाचायला लावलं. मी खूश.

लगेच खिचडीची सुट्टी झाली आणि ओळीतली मोकळी जागा तेवढीच होती. चौथीतल्या मुलाला म्हटलं, "अरे, पाखराला घेतलं ना सगळ्यांनी?" तो म्हणाला, "मॅडम, ते पाखराचं हाय."

त्याचं बरोबर आहे. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये हेच दाखवून दिलं होतं: चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट सांगितली, तर माणसं असलेल्या गोष्टीनंतर मुलं खरोखर जास्त वाटून देत होती, कपडे घातलेल्या प्राण्यांच्या गोष्टीनंतर नाही. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं, आणि तरी मी पाखरूच उचललं. प्राण्यांची गोष्ट शिक्षकाला सोपी जाते. कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, कुणाच्या घरी कळलं तर भांडण होत नाही. मुलं तीच पळवाट धरतात.

इथून पुढं माणसांची पुस्तकं.

९ डिसेंबर

आजची नोंद सविस्तर करते.

आजच्या पुस्तकात माणसं होती. गावात एक परका येतो, लोक त्याला हाकलतात, दारं लावून घेतात. मग गावातलं मूल विहिरीत पडतं, परका उडी मारून त्याला वाचवतो, गावाचे डोळे उघडतात, शेवटच्या पानावर सगळे मिळून जेवतात. मला पुस्तक आवडलं होतं. वाचताना आवाज भरून आला होता.

वाचून झालं, मुलं गप्प होती. मग मागून त्या घिसाड्यांच्या मुलीनं विचारलं, "आन् नसतं काढलं तर?"

"म्हणजे?"

"त्याला पव्हायला येत नसतं तर?"

मी काहीतरी उत्तर दिलं, आता आठवतही नाही. नीट नव्हतं एवढं नक्की. संध्याकाळी ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं आणि प्रत्येक पान वेगळं दिसायला लागलं. गावातल्या कुणालाही गावात राहण्यासाठी विहिरीत उडी मारावी लागत नाही. परक्यालाच तेवढी परीक्षा. ती पास झाला तर पंगतीला पान, नाहीतर दार बंदच राहिलं असतं आणि वाचणाऱ्याला ते बरोबरही वाटलं असतं. मग कपाटातली अशी आणखी पुस्तकं काढली, ज्यात पोरका, अपंग, परगावचा मुलगा काहीतरी पराक्रम करतो तेव्हाच मित्र मिळतात. पाच निघाली. वाईट मनानं लिहिलेली नाहीत ती. पण या कामासाठी ती नकोत.

निवडीचा नियम आता असा धरते: नवीन आलेल्यानं काहीही करून दाखवलेलं नसताना त्याला गोष्टीत जागा आहे का?

१२ डिसेंबर

कपाट पूर्ण चाळलं. आगगाडी, समुद्र, शहरातली बाग, सोसायटीची गच्ची, आजीचं अंगण. पाल एकाही पानावर नाही. कोपी नाही. आमच्या अर्ध्या मुलांचं सहा महिन्यांचं घर म्हणजे उसाच्या फडाशेजारची पाचटाची कोपी, ती कुठंच नाही.

अमेरिकेतल्या रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलेली गोष्ट ग्रंथालयाच्या प्रशिक्षणात सगळेच सांगतात: पुस्तक मुलाला आरसाही असतं आणि खिडकीही. ऐकताना मान डोलावली होती. आज कपाटापुढं जमिनीवर बसून मोजलं. खिडक्याच खिडक्या आहेत, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला उघडणाऱ्या.

१६ डिसेंबर

आज माझ्या हातून चूक झाली.

दुपारी पाचवीतल्या मुलाची कंपासपेटी हरवली. नवी होती, मामानं आणलेली. तो रडायला लागला, वर्गात गलका झाला. मी म्हटलं, "सगळ्यांनी दप्तरं उघडा," आणि सरळ चालत त्या मुलीपाशी गेले. सगळ्यांत आधी तिच्यापाशी. मधे दोन रांगा होत्या, त्या ओलांडून गेले. तिनं काही न बोलता पिशवी उलटी करून जमिनीवर ओतली. एक वही, पाटीवरची पेन्सिल, चिंचोक्यांची पुरचुंडी, लोखंडाचा एक छोटा घोडा.

पेटी बसकरपट्टीच्या घडीखाली सापडली. मुलाच्या स्वतःच्याच जागेखाली.

तिनं चिंचोके एकेक वेचून परत बांधले. मी तिथंच उभी होते. तीन आठवडे मुलांच्या डोक्यातलं पोतं शोधत होते आणि माझे पाय आपोआप कुठल्या दिशेला वळले ते सगळ्या वर्गानं बघितलं.

१७ डिसेंबर

दोघंही आली नाहीत.

शाळा भरल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, की काल मी चुकले. पेटी कुणी घेतली हे मला माहीत नव्हतं, तरी मी आधी एकीकडेच गेले, आणि का गेले तेही सांगितलं: ती पालात राहते म्हणून. एवढं स्पष्ट बोलताना जीभ जड झाली. पाचवीतला मुलगा खाली बघत म्हणाला, "मॅडम, मला बी तसंच वाटलं व्हतं." आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या.

दुपारी पालावर गेले. तिचे वडील भात्याजवळ होते. म्हटलं, "दादा, माझी चूक झाली, पोरीची माफी मागायला आले." त्यांनी घण बाजूला ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, आमाला सवय हाय. पोरीला अजून न्हाई." मग मुलीला हाक मारली. तिच्याशी मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. उद्यापासून येते म्हणाली.

२० डिसेंबर

एका मुलीची आई आली होती. "आमची पोरगी तिच्याजवळ बसवू नका." कारण विचारलं तर मोबाइल पुढं केला. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा, पुढं पाठवा. गावाचं नाव नाही, तारीख नाही, फोटो कुठल्यातरी दुसऱ्याच देशातला वाटणारा.

तिला बसवून घेतलं, चहा केला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते सांगितलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण. असाच मेसेज फिरत होता. आठवडी बाजारात एका लहान मुलीशी बोलताना दिसले एवढ्यावरून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. पाचही निर्दोष. "मारणारे आपल्यासारखेच घरदार असलेले लोक होते, ताई," म्हटलं. ती बराच वेळ बोलली नाही. मुलीची जागा बदलायचं मात्र तिनं मागं घेतलं नाही, आणि मीही बदलली नाही. बघू.

हे मुलांना सांगायचं नाही. मोठ्यांची भीती मोठ्यांशीच बोलावी.

सरांशीही आज बोलणं झालं. ते म्हणाले, "या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का होताच ना." शिक्का होता, पण तो कुणी मारला हे सांगायला हवं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, आणि स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या मुक्त झाल्या, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. घिसाडी आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. सरांना हे नवीन होतं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली. आमच्या गावात तो अजून "पोतंवाला" या नावानं चालू आहे.

६ जानेवारी

नाताळच्या आसपास बरंच वाचलं. दोन गोष्टींचा निर्णय केला.

पहिली. केंद्रावरच्या एका शिक्षकमित्रानं सुचवलं, की अमेरिकेत जेन इलियट या बाईंनी १९६८ मध्ये तिसरीच्या वर्गात केला तसा प्रयोग कर: निळ्या डोळ्यांची मुलं एक दिवस श्रेष्ठ, तपकिरी डोळ्यांची कनिष्ठ, दुसऱ्या दिवशी उलट. मुलांना भेदभाव अंगावर कळतो. मी नाही करणार. माझ्या वर्गात दोन मुलं रोजच खाली बसवली जातात, त्यांच्यादेखत पुन्हा तोच खेळ मांडायचा नाही. मुलांना फसवून शिकवलेलं मला पटतही नाही.

दुसरी. इंग्लंडमध्ये कॅमेरॉन, रटलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास छापला होता. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे गोष्टी वाचून दाखवल्या. स्थानिक मूल आणि निर्वासित मूल यांच्या मैत्रीच्या गोष्टी, नंतर त्यावर गप्पा. गोष्टी तीन तऱ्हेच्या होत्या. एकीत दोघं फक्त दोन मुलं होती, त्यांचे स्वभाव, आवडीनिवडी. दुसरीत दोघं एकाच शाळेची आहेत यावर भर. तिसरीत दोघं एका शाळेची आहेतच, आणि त्यातलं एक निर्वासित आहे हेही लपवलेलं नाही. सगळ्यात जास्त फरक तिसरीनं पडला.

हे वाचून माझ्या मनातली एक गाठ सुटली. मी आजवर "आपण सगळे सारखेच" म्हणत आले. त्यात त्या मुलीनं पाल पुसून टाकावं अशी अपेक्षा होती. ती आमच्या शाळेची आहे आणि ती घिसाडी आहे. दोन्ही एका पानावर यायला हवं. असं पुस्तक कपाटात नाही, तर आम्ही करू.

१३ जानेवारी

वाचायची पद्धत बदलली. मजकूर झाकून ठेवते. आधी फक्त चित्र, तेही पूर्ण पाच मिनिटं. तीनच प्रश्न विचारते: काय दिसतंय? कशावरून म्हणता? चित्राच्या कडेला कोण आहे?

तिसऱ्या प्रश्नानं मजा आणली. बाजाराच्या चित्रात मुलांना आधी दुकानं, फुगे, बैल दिसले. मग कडेला बसलेली एक बाई दिसली, तिच्यापुढं काहीच विकायला नाही. "ती चोर हाय." कशावरून? "एकटी हाय." दुसरी म्हणाली, "तिची गाडी सुटली आसंल." तिसरा, "पाय दुखत आसंल, माज्या आजीवानी." कशावरून, कशावरून, असं मागं लागलं की मुलं स्वतःच थांबतात. "चोर" म्हणणाऱ्याला चित्रात काही सापडेना, तर तो हळूच म्हणाला, "म्हायती न्हाई." एवढा शब्द वर्गात यायला दीड महिना लागला.

स्टोरीवीव्हरचाही उपयोग होतोय. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, मराठी पुस्तकं आहेत, आणि खुल्या परवान्यामुळं छापता येतात, भाषांतर करता येतात, नवी रचताही येतात. शाळेच्या टीव्हीवर एक पान भिंतीएवढं दिसतं. वीज असली तर.

१८ जानेवारी

शनिवार, दप्तर नाही. वर्ग पालावर नेला.

यावर खूप विचार केला होता. मुलांनी नुसतं बघायला जाणं म्हणजे त्या घरांची जत्रा करणं. म्हणून काम घेऊन गेलो. शाळेच्या परसबागेची चार खुरपी बोथट झाली होती, स्वयंपाकघरातली विळी ढिली. सरांनी खर्च मंजूर केला. गिऱ्हाईक म्हणून गेलो, आधी विचारून.

आई भाता चालवत होती, वडील सांडशीनं खुरपं धरून फिरवत होते. लोखंड आधी काळं, मग डाळिंबी, मग पिकल्या आंब्यासारखं. ठोके पडायला लागले तशी मुलं आपोआप पुढं सरकली. तिचा धाकटा भाऊ, जो वर्गात तोंड उघडत नाही, तो एकदम म्हणाला, "आता पानी पाजायचं." वडिलांनी खुरपं पाण्यात बुडवलं, चर्रर्र झालं, वाफ आली. पाचवीतल्या त्याच कंपासवाल्या मुलानं त्याला विचारलं, "पानी कशाला?" आणि सहा वर्षांचं ते पोर सांगायला लागलं, की नुसतं तापवून ठोकलेलं मऊ राहतं, पाणी पाजलं की कडक होतं, पण जास्त पाजलं तर तडकतं. मला हे माहीत नव्हतं. पाचवीतल्यालाही नव्हतं. तो खाली बसून ऐकत होता.

निघताना मुलीनं तो लोखंडाचा घोडा मला दाखवला. बापानं उरलेल्या तुकड्याचा केलेला. मीच तो पिशवीतून बाहेर ओतायला लावला होता.

३ फेब्रुवारी

पुस्तकाची पानं सुरू. "आमच्या शाळेतली घरं" असं सध्या म्हणतोय. प्रत्येकानं आपल्या घराचं एक पान काढायचं, पण दारातून बाहेर काय दिसतं तेही काढायचं. तिनं पाल काढलं, आणि या वेळी कनातीखालून चपलांचे पुष्कळ जोड. मोजले तर अठरा. "ही आपली शाळा आलती त्या दिशीची."

१९ फेब्रुवारी

आज शिवजयंती. तयारीत दिवस गेले, प्रकल्पाला वेळ नाही. खिचडीच्या ओळीत आता एका बाजूची जागा भरते. कंपासवाला बसतो. दुसरी बाजू अजून मोकळी.

७ मार्च

मुलीची जागा बदला म्हणणारी ती आई पुन्हा आली. तक्रार नव्हती, मोडलेला विळा कुणाकडं द्यायचा ते विचारत होती. पालावर जायला एकटीला अवघड वाटतं म्हणाली. तिच्या लेकीला तिच्याबरोबर पाठवलं.

२ एप्रिल

पाडव्याला टोळ्या परतल्या. हजेरी पुन्हा ४२ वर. फडावरून आलेली मुलं उन्हानं काळवंडलेली, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे. पाच महिन्यांत त्यांचा अभ्यास सुटला आणि वर्गातल्या या सगळ्या घडामोडीही त्यांना ठाऊक नाहीत. त्यातल्या एकानं पहिल्याच दिवशी घिसाड्यांच्या मुलाला ओळीतून उठवलं. "हे कुठलं?"

मी रागावले नाही. दुसऱ्या तासाला पुस्तकाची झालेली पानं भिंतीवर ओळीनं लावली आणि आलेल्या मुलांना म्हटलं, तुमची घरं राहिलीत. गावातलं नको, फडावरचं काढा.

कोप्या काढल्या त्यांनी. पाचटाच्या, गोल तोंडाच्या, ओळीनं पंधरा-वीस. दारातून बाहेर काय दिसतं? ऊस. ट्रॅक्टर. आणि चौथीतल्या एकानं, त्यानंच ज्यानं ओळीतून उठवलं होतं, एक माणूस काढला. पांढरे कपडे, कमरेवर हात.

"हे कोण?"

"मळ्याचा मालक. वांग्यासाठी आलता."

मग गोष्ट बाहेर आली. कोल्हापूरकडं फडाशेजारी वांग्याचं शेत होतं. वांगी गेली. मालक कोप्यांवर आला, सगळी भांडी उघडायला लावली, चुलीवरची सुद्धा. "बीडवाले चोरच," म्हणाला. या मुलाच्या आईला शेजारच्या विहिरीवर पाणी बंद झालं, आठ दिवस लांबून आणावं लागलं.

वर्गात एकदम शांतता. मग चष्मा लावणारी एक मुलगी म्हणाली, "पन तुमी घेतली नव्हती ना?"

तो बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्या घेतली व्हती. दोन."

आता काय करावं मला सुचेना. पुस्तकातल्या गोष्टीत आळ खोटा असतो, वाचणाऱ्याला बाजू घेणं सोपं जातं. इथं खरंच वांगी घेतली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात घिसाड्यांची मुलगी बोलली, पहिल्यांदा सगळ्या वर्गापुढं, न विचारता.

"दोन वांगी यानं घेतली. तर सगळं बीड चोर कसं?"

कुणीतरी म्हणालं, "आन् त्याच्या आयचं पानी का बंद केलं?" कुणीतरी म्हणालं, मालकानं यालाच विचारायला पाहिजे होतं. पाचवीतला कंपासवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आपुन बी यांची पिशवी ओतली व्हती." फडावरून आलेल्या मुलांनी विचारलं, कुणाची? मग सगळ्यांनी मिळून त्यांना डिसेंबरची गोष्ट सांगितली. माझं नाव आलं त्यात, यायलाच हवं होतं. मी मधे बोलले नाही.

तासाची घंटा कधी झाली कळलं नाही. चौथीतल्या त्या मुलानं वांग्याचं पान पुस्तकात ठेवायचं की नाही यावर मतं पडली. त्याचं त्यानंच ठरवलं: "ऱ्हाऊ द्या. पन मालकाच्या कमरेवरचे हात खोडतो." का विचारलं, तर म्हणाला, "त्यो बी तसाच नसंल रोज."

१५ एप्रिल

पानं शिवायला घेतली. जाड दोरा, दाभण, पुठ्ठा. एकूण ३८ पानं. नावावर अजून एकमत नाही. "पाल, कोपी, घर" ला जास्त हात वर आले.

सगळं बदललं असं नाही. दोन घरांतून अजून निरोप येतो, आमच्या मुलाला पालावर नेऊ नका. पहिलीतल्या एकाला परवा आजीनं पुन्हा पोतंवाल्याचा धाक घातला. त्यानं आजीला विचारलं म्हणे, "कशावरून?" आजीनं मला येऊन सांगितलं, जरा रागानंच.

२८ एप्रिल

निकालाच्या आधीचा आठवडा. पालं उद्या उठणार. पावसाआधी त्यांना अजून बरीच गावं करायची आहेत, पेरणीच्या तोंडाला सगळ्यांनाच पासा आणि फाळ लागतात. दोघांच्या नोंदीचा दाखला करून वडिलांच्या हातात दिला, पुढच्या गावच्या शाळेत दाखवा म्हणून. माझा नंबर मागं लिहिलाय. पुस्तकाची एक प्रत धारूरहून रंगीत काढून आणली, ती तिच्यासाठी.

ती शेवटच्या तासाला मूळ पुस्तक चाळत बसली होती. चौथीतल्या त्या मुलानं आपल्या पानावर कोपीच्या दाराशी टेकवलेला कोयता काढलाय. ती त्या पानावर थांबली.

"ह्यो तुटंल."

"का?"

"मुठीवरची कडी न्हाई."

त्यानं खोडरबर दिलं. तिनं मूठ पुसली, पुन्हा काढली, पातं मुठीत जातं तिथं लोखंडाची बारीक कडी घातली, दोन रेघांची. तो वाकून बघत होता. म्हणाला, "मपल्या बापाच्या कोयत्याला हाय की आशीच."

"आमीच घातली आसंल," ती म्हणाली, आणि पान उलटलं.